नेट कुणाच्या नावावर आहे?

आज सकाळी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी पेपरातलं कात्रण टाकलं. निवृत्त बाई, सायबर ठगांनी लुबाडलं, नेहमीचंच. आणि खाली रांगच लागली. एकाने लिहिलं, 'क्या भिया, पढ़े-लिखे लोग भी!' दुसरीने हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे टाकले. एका ताईंनी तर चक्क, 'इतकं कसं कळत नाही यांना?' मी रागाने भलंमोठं उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं, कारण ग्रुपवर भांडण झालं की बिचारा ॲडमिन दोन्हीकडून बोलणी खातो. म्हणून इथे लिहिते. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या मागच्या गल्लीत, इंदूरच्या राजेंद्र नगरातच, अशाच एक काकू राहतात. नाव सांगत नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब अजून तोंडी करतात, आणि वाद झाला तर दूधवालाच चुकलेला निघतो. काका गेल्यावर मुलाने अमेरिकेतूनच घरी फायबरचं, म्हणजे काचेच्या तारेतून येणारं, इंटरनेट लावून दिलं. सगळं ऑनलाइन, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या नंबरवर. ३०० एमबीपीएसचा स्पीड आणि वर डझनभर ओटीटी फुकट. आई एकटी असते, तिला काही कमी पडायला नको. मुलगा चांगला आहे हो, मी त्याला नावं ठेवत नाहीये. (थोडी ठेवणार आहे, पण पुढे.)

पावसाळ्यात एका संध्याकाळी नेटच्या त्या पांढऱ्या डब्यावरचा दिवा लाल झाला. एलओएस असं लिहिलेलं असतं त्याच्याखाली. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, तो लाल झाला म्हणजे काचेच्या तारेतून येणारा प्रकाश घरापर्यंत पोचतच नाही. कुठेतरी तार तुटलीय, नाहीतर मुडपलीय. मग डबा कितीदाही बंद-चालू करा, माणूसच यावा लागतो. आणि माणूस बोलवायचा कसा? कंपनीच्या ॲपवरून. ॲपमध्ये शिरायला ओटीपी. आणि ओटीपी जातो मुलाच्या फोनवर, जिथे तेव्हा पहाट होती आणि फोन सायलेंटवर.

काकूंनी मग तेच केलं जे तुम्ही आणि मी रोज करतो. मोबाइलवर कंपनीचं नाव टाकून 'कस्टमर केअर नंबर' शोधला, वर जो आला तो लावला. समोरच्याने लगेच उचलला. 'मैडम, आप टेंशन मत लीजिए, मैं लाइन पर ही हूँ।' लाइन तपासायला म्हणून त्याने एक ॲप टाकायला लावलं. ते असं ॲप, की आपल्या फोनची स्क्रीन पलीकडच्याला जशीच्या तशी दिसते. मग 'री-ॲक्टिवेशनचे फक्त दहा रुपये' कार्डाने भरायला सांगितले. काकूंनी कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी आला, त्याने तो तिकडे बसून वाचला. ऐंशी हजारांच्या आसपास गेले. लाल दिवा लालच.

आता सांगा, इथे मूर्ख कोण?

हो, ते ॲप टाकायला नको होतं. मान्य. रिझर्व्ह बँकेने असल्या ॲपबद्दल २०१९ मध्येच बजावलं होतं. पुढे चला.

ज्या कंपनीने वर्षभराचे पैसे आधी मोजून घेतले, तिला घरात राहणाऱ्या बाईशी बोलायला एक माणूस ठेवता येत नाही? चॅटबॉट आहे म्हणे. 'आपकी समस्या चुनें.' काकूंची समस्या त्या यादीत नव्हती, कारण 'कनेक्शन मुलाच्या नावावर आहे आणि मुलगा झोपलाय' असा पर्याय कुठल्याही बॉटमध्ये नसतो. ठगाचा धंदा चालतो तो याच पोकळीत. खरा नंबर लागत नाही म्हणून खोटा लागतो. लोकांना सावध राहा, जागे राहा म्हणून सगळे सांगतात. मध्यंतरी प्रत्येक फोनच्या आधी अमिताभ बच्चन यांच्या आवाजात तेच ऐकवायचे, आठवतं ना? ऐकून ऐकून आपण वैतागलो. पण एखाद्या कंपनीला कुणी दटावून विचारलंय का, की बाई, तुझा फोन लागत का नाही?

तक्रारीची सोय आहे, कागदावर आहे. ट्राय म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या नियमाप्रमाणे तक्रार केली की कंपनीने डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, द्यायचा, काम झालं नाही की तीस दिवसांत वर अपील करायचं. अपील कुणाकडे? त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे! आणि मुळात तक्रार नोंदवायलाच ओटीपी हवा असेल, तर डॉकेट नंबर काय देवघरात आपोआप उमटणार आहे?

काकू त्या रात्री आमच्याकडे आल्या. रडत नव्हत्या. खुर्चीच्या कडेवर बसून राहिल्या आणि म्हणाल्या, 'अगं, तो इतका नीट बोलत होता.' मला ते वाक्य अजून पचलेलं नाही. दिवसभरात त्यांच्याशी नीट बोललेला तो पहिला माणूस असेल कदाचित.

लगेच १९३० लावला, म्हणजे सायबर फसवणूक कळवायची सरकारी हेल्पलाइन. हा नंबर फोनमध्ये साठवून ठेवा, आत्ता, वाचता वाचता. चोरीचे पैसे एका खात्यात बसून राहत नाहीत, मिनिटामिनिटाला पुढच्या खात्यात उड्या मारतात, त्यामुळे जितक्या लवकर कळवाल तितकी ते वाटेत अडकवायची शक्यता जास्त. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही तक्रार टाकली, बँकेला कळवून कार्ड बंद केलं, मोबाइलचा डेटा बंद करून ते ॲप काढलं. काही रक्कम अडकली, बाकी गेली. बँकेचं म्हणणं, ओटीपी तुमच्याच फोनवरून गेला. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम तसाच आहे: ग्राहकाच्या हलगर्जीपणाने माहिती फुटली, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून 'सकाळी बघू' म्हणून झोपायचं नाही. लाज वाटते म्हणून तर मुळीच नाही. आणि लाज कशी वाटणार नाही, ग्रुपवर तुमच्यासारखे हसायला टपलेले असताना?

असो. थोडी शांत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या राऊटरकडे, म्हणजे वायफायच्या डब्याकडे, बघितलं तर वेगळाच तमाशा. वायफायचं नाव म्हणजे आडनाव आणि पुढे घर नंबर. पासवर्ड म्हणजे काकूंचा मोबाइल नंबर, जो भाजीवाल्यापासून गणपतीच्या वर्गणीवाल्यांपर्यंत सगळ्यांकडे आहे. राऊटरच्या आतल्या सेटिंगचं पान उघडलं तर नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. नेट बसवायला आलेला पोरगा चार दिवे हिरवे करून गेला, संपलं त्याचं काम. हे म्हणजे दाराला भलंमोठं कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यासारखं झालं. काकूंचे पैसे काही वायफायमधून गेले नाहीत, हे मला कळतं, कॉमेंटमध्ये समजवायला येऊ नका. पण तुमच्या वायफायवरून कुणी उद्या काही वेडंवाकडं केलं, तर पोलिसांना आयपी पत्त्यावरून, म्हणजे कनेक्शनच्या नेटवरच्या नंबरावरून, सापडतं ते कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव. शेजारच्या पोराने काय केलं ते नंतर सिद्ध करत बसा.

आणि ते कॅमेरे! हल्ली इंदूरात प्रत्येक गेटवर कॅमेरा. चोर येऊ नये म्हणून लावायचा आणि पासवर्ड मात्र डब्यावर छापून आलेला तोच ठेवायचा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले असलेच कॅमेरे आणि राऊटर, कारखान्यातल्या पासवर्डनेच, काबीज केले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. घरमालकांना पत्ताही नाही. त्यांचे कॅमेरे मजेत चित्र दाखवत होते.

आता मुलांबद्दल. पुण्यात, बंगळूरात, न्यू जर्सीत बसून आईबाबांसाठी प्लॅन निवडणाऱ्या माझ्या गुणी भाच्या-पुतण्यांनो, तुम्ही स्पीड बघता. ३०० का ५००? आई बघते काय, तर मराठी मालिका, कीर्तन आणि तुमचा व्हिडिओ कॉल. स्वच्छ एचडी चित्राला पाच-सहा एमबीपीएस पुष्कळ होतात. सरकारच्या व्याख्येत तर २०२३ पासून किमान २ एमबीपीएस मिळालं की त्याला ब्रॉडबँड म्हणतात. शिवाय जाहिरातीत '१०० पर्यंत' लिहिलेलं असतं, त्यातला 'पर्यंत' बारीक अक्षरात. आणि १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला शंभर एमबीची फाइल नव्हे. स्पीड मोजतात बिटांत, फाइल बाइटांत, आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. म्हणून आठाने भागा, साडेबारा. काकूंनी हा भागाकार माझ्या आधी केला होता.

मी म्हणते, दुसरंच काहीतरी विचारा ना. रविवारी लाल दिवा लागला तर कोण येणार? कंपनीचं ऑफिस इंदूरात कुठे आहे, जाऊन उभं राहता येतं का? कनेक्शन घरात राहणाऱ्या माणसाच्या नावावर आणि त्याच्याच मोबाइलवर का नको? वीज गेली तर डब्याला छोटा यूपीएस आहे का? (आपल्याकडे दोन थेंब पडले की वीज जाते, आणि नेमकं तेव्हाच फोन लावायचा असतो.) पहिले सहा महिने स्वस्त, पण सातव्या महिन्याचं बिल काय, वर अठरा टक्के जीएसटी धरून? डेटा संपल्यावर स्पीड किती उरतो? आणि जाताना तो बसवणारा पासवर्ड बदलून देणार का, काकूंच्या समोर बसून?

आमच्या भागातला लोकल नेटवाला काही संत नाही. त्याचा स्पीड संध्याकाळी झोपतो, बिल मागितलं की 'दीदी, वॉट्सॲप कर देता हूँ' म्हणतो आणि करत नाही. मोठ्या कंपनीचं नेट एकूणात जास्त बरं चालतं हेही खरं. पण लोकलवाल्याचा नंबर शोधावा लागत नाही. तो सकाळी चौकात पोहे-जलेबी खाताना सापडतो. त्याला तिथल्या तिथे चार गोष्टी सुनावता येतात. माझ्या लेखी ही सुरक्षाच आहे, तुम्ही हसा हवं तर.

मी काकूंच्या मुलाला फोन केला होता, अगदी तणतणतच केला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'मावशी, मला वाटलं मी सगळं सोपं करून दिलंय.' मग मला पुढे काही बोलवेना. तिथे रात्रीचे दोन वाजले होते आणि तो जागा होता. त्याने काय कमी केलं? ऑनलाइन फॉर्ममध्ये 'घरात कोण राहतं' असा रकानाच नसतो.

तर शेवटी काय झालं ते सांगते, कारण इनबॉक्समध्ये विचाराल. काकूंनी जुनं कनेक्शन सोडलं. वर्षाचे उरलेले पैसे परत मिळाले नाहीत, अर्थातच. नवं त्या लोकलवाल्याचं घेतलं, स्वतःच्या नावावर, ५० एमबीपीएसचं. बसवायला आलेल्या पोराला त्यांनी शाळेतल्यासारखं समोर बसवलं आणि विचारलं, 'ॲडमिनचा पासवर्ड कुठे बदलतात, दाखव.' त्याला येत नव्हतं. त्याने साहेबाला फोन केला, साहेबाने अजून कुणाला तरी. शेवटी बदलला. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट वायफाय काढून घेतलं, वर्गणीवाल्यांना तेच. पासवर्ड त्यांनी वहीत लिहिला तेव्हा तो पोरगा म्हणाला, 'आंटी, लिखना नहीं चाहिए।' मी म्हटलं, लिहू दे रे. कपाटातली वही वाचायला कुठला ठग राजेंद्र नगरात येतोय? कस्टमर केअरचा नंबर बिलावरून बघून त्याच वहीत पहिल्या पानावर, आणि शेजारी १९३०.

मुलगा फोनवर म्हणाला, 'आई, पन्नास फार कमी आहे गं.'

काकू म्हणाल्या, 'मग इथे येऊन राहा, शंभरचं घेऊ.'