अण्णांना एकच पातं पुरतं

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना रील बघायचंय त्यांनी खुशाल पुढे जावं.

गोव्यात, फोंड्यातल्या एका चकचकीत सुपरमार्केटात सकाळी ब्लेडचं पाकीट मागितलं. साधं, कागदात गुंडाळलेल्या पात्यांचं, आपल्या सगळ्यांच्या घरात वडिलांच्या आरशामागे असायचं ते. काउंटरवरच्या पोरानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कंदिलाची वात मागतेय. "मॅडम, वो अब नहीं आता." आणि हात करून भिंत दाखवली. अख्खी भिंत हो! तीन पात्यांचे, पाच पात्यांचे, बॅटरीवर थरथरणारे, आणि आम्हा बायकांसाठी गुलाबी. चोरीला जातात म्हणून काचेच्या कपाटाला कुलूप. दाढीच्या सामानाला कुलूप लावायची वेळ आली, म्हणजे किंमत काय असेल ते समजा.

शेवटी वरच्या बाजारात कोपऱ्यावरच्या जुन्या पोसऱ्यावर, म्हणजे छोट्या दुकानावर, गेले. तिथल्या काकांनी खणातून पाकीट काढलं आणि म्हणाले, "बाये, हें आतां कोणूच व्हरना. मास्तरांखातीर दवरतां." (हे आता कुणीच नेत नाही, मास्तरांसाठी ठेवतो.)

मास्तर म्हणजे आमचे अण्णा, माझे वडील. भाऊसाहेब बांदोडकर गोव्याचे मुख्यमंत्री होते त्या काळात गावोगावी मराठी शाळा निघाल्या, त्यातल्या एकीत विशीतच शिक्षक म्हणून लागले. पहिल्या पगारातून मडगावला जाऊन त्यांनी एक सेफ्टी रेझर घेतला. पितळेचा, वरून निकेलचा मुलामा. मुलामा आता दांड्यावरून पार गेलाय, पण आटे अजून शाबूत आहेत. दाढी न करता मास्तर वर्गात जाणार? शक्यच नव्हतं. श्रावण असो, शनिवार असो, अमावस्या असो. आजी कपाळाला हात लावायची, अण्णा गालाला फेस लावायचे.

आता अण्णांना पार्किन्सन आहे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बाथरूममधून बराच वेळ बाहेर आले नाहीत म्हणून मी दार ढकललं. अर्ध्या गालाला फेस, हनुवटीवर रक्ताचा बारीक ओघळ, आणि हात थरथरतोय. माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. रेझर उलटा करून, दांडा माझ्याकडे करून, हातात दिला. वर्गात कंपासपेटीतलं कर्कटक कसं द्यायचं ते शिकवायचे ना, अगदी तसाच.

तेव्हापासून अण्णांची दाढी मी करते.

आणि हे कळल्यावर लोकांची जी तोंडं होतात ना! "अगोबाई, तू? दाढी? बाईमाणसानं?" अहो, मी त्यांचे कपडे बदलते, त्यांना आंघोळ घालते, रात्री दोनदा उठून बाथरूमला नेते. त्याचं कुणाला काही वाटत नाही. ते बायकांनी करायचंच असतं. रेझर हातात घेतला की मात्र आश्चर्य. वर काळजी: "कापलं-बिपलं तर?" रोज आदोळीवर (विळीवर) बसून नारळ खवणाऱ्या, बांगडे साफ करणाऱ्या बाईला तुम्ही पात्याची भीती घालता? आमची अर्धी जिंदगी धारेसमोर बसून गेलीय.

ही भीतीच तर विकतात. माझं म्हणणं एवढंच आहे. दाढीला एक पातं पुरतं, कायम पुरत होतं. बाकीची चार पाती भीतीची आहेत, आणि आपण त्यांचे पैसे मोजतो.

ज्यांनी कधी उघडून बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, त्या रेझरमध्ये आहे काय? वरची टोपी, खालची पट्टी आणि दांडा. मध्ये कागदासारखं पातं, जाडी जेमतेम ०.१ मिलीमीटर. दांडा आवळला की पातं टोपीच्या बाकावर वाकतं, ताठ होतं, आणि धार टोपीच्या कडेतून किंचित डोकावते. कातडीला आधी कड लागते, मग धार. संपलं. यात बिघडायला काही नाही.

ही युक्ती किंग कॅम्प जिलेट नावाच्या अमेरिकन फिरत्या विक्रेत्याची. बाटल्यांची बुचं करणाऱ्या कंपनीत होता. वापरून फेकलं जाईल आणि गिऱ्हाईक परत येईल असं काहीतरी काढ, हा सल्ला त्याला तिथंच मिळाला. त्याच्याआधीही सेफ्टी रेझर होते. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८०च्या सुमारास एकाच बाजूला धार असलेला काढला होता, पण त्याचं जाड पातं चामड्यावर घासून परजत बसावं लागायचं. पातळ पोलादाला पाणी देऊन त्याचं पातं करणं कुणाला जमत नव्हतं, ते निकर्सन नावाच्या इंजिनियरनं जमवलं. १९०३ साली खपले किती? ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्या वर्षी रेझर नव्वद हजारांवर गेले, आणि त्याच वर्षी, १९०४ मध्ये, पेटंट मिळालं. प्रश्न तिथं सुटला होता, मंडळी. सव्वाशे वर्षं होत आली.

(हो, माहितीये. "यूज ॲण्ड थ्रो"ची सुरुवातही त्यानंच केली, म्हणजे मी ज्याला नावं ठेवतेय त्याचा आजोबा तोच. मान्य. पण तो निदान तुकडाभर पोलाद फेकायला सांगत होता, मूठभर प्लास्टिक नाही.)

एकाच धारेचा खरा सिंगल-एज रेझरही मी बघितलाय. आमच्या शेजारचे अंकल तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी होते, त्यांनी बोटीवरून परत येताना अण्णांना एक अमेरिकन रेझर आणला होता. त्याचं डोकं पेटीच्या झाकणासारखं उघडायचं. पातं जाड, एका बाजूला धार आणि दुसऱ्या बाजूला पोलादी पाठ. अंकल आणायचे तोवर पाती मिळाली, ते निवृत्त झाले तसा रेझरही निवृत्त झाला. इथं मिळतच नाहीत ती पाती. अण्णा म्हणायचे, "हत्यार चांगलं, पण खाणं परदेशी." आणि परत आपल्या मडगाववाल्याकडे आले.

तर त्या सकाळकडे येते. रेझर माझ्या हातात, समोर अण्णा. मी श्वास रोखून पहिला हात फिरवला आणि ते म्हणाले, "दाबतेस कशाला? त्याला त्याचं वजन आहे." किती शहाणपणाचं वाक्य! जड दांडा स्वतःच्या वजनानं उतरतो, आपण फक्त वाट दाखवायची. गालाशी कोन तीस अंशांच्या आसपास. हात छोटे, बोटभर. म्हाताऱ्या माणसाची कातडी सैल असते, म्हणून दुसऱ्या हातानं कानाकडे ओढून धरायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेळ. सकाळची गोळी घेतल्यावर पाऊण एक तासानं त्यांची मान सैल होते, चेहऱ्याचा ताठरपणा उतरतो. त्याआधी रेझर हातात घ्यायचा नाही. गरम पाण्याचा टॉवेल, ब्रशनं फेस, मग सुलटी, म्हणजे केसांच्या दिशेनं दाढी. गळ्याशी आले की "अण्णा, गिळा" म्हणायचं, त्यांनी गिळलं की घाटी वर जाते, तेवढ्यात खालून एक हात. उलटी मारायची नाही. त्यांना कुठं आता लग्नाला उभं राहायचंय.

झाल्यावर त्यांनी आरसा मागितला. डावा गाल बघितला, उजवा बघितला. वह्या तपासायचे तोच चेहरा. "उजवा कल्ला एक रेघ खाली आहे. दहापैकी सहा."

आता दादाबद्दल. दादा बेंगळुरूला असतो. गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) आला तेव्हा कुठल्याशा कंपनीचा पाच पात्यांचा रेझर घेऊन आला. "ताई, तुला किती त्रास तो, ह्यानं डोळे मिटून करता येते." डोळे मिटून! बापाची दाढी डोळे मिटून करायची आहे याला! केली त्यानं. पाच मिनिटांत झाली, गुळगुळीत झाली, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी अण्णांच्या गळ्यावर लाल पुरळ उठलं. पहिलं पातं केस ओढतं, मागचं कापतं, त्याच्या मागचं अजून खोल कापतं. केस कातडीच्या आत जाऊन तुटतो, आणि कुरळा असला तर वाढताना वाकडा होऊन आतच रुततो. अण्णांचे केस कुरळे. "ह्याला दाढी म्हणत नाहीत," अण्णा म्हणाले, "ह्याला खरवडणं म्हणतात." गुण दिलेच नाहीत.

दादानं प्रेमानंच आणला होता हो. कळतं मला. लांब राहणाऱ्या मुलाला काहीतरी पाठवावंसं वाटतं, आणि पाठवता येतात त्या वस्तूच. दादा, तू हे वाचशीलच, तर रागावू नकोस. चवथीला ये, मी शिकवते. तुला अण्णांनी शिकवलं नाही आणि जाहिरातींनी शिकवलं, यात तुझा काय दोष? तुझ्या वयात घरातल्या पुरुषांनी मुलांना काही शिकवणंच बंद केलं होतं. मिसरूड फुटली की दुकान दाखवायचं, झालं.

पण कंपन्यांना मी सोडणार नाही. १९७१ साली दोन पाती आली. १९९८ ला तीन. २००३ ला चार, २००६ ला पाच. त्या काळात माणसांच्या दाढीत काय बदल झाला? गाल वाढले? आणि गंमत बघा, आपल्याकडच्या साध्या माणसाला, वाटीभर पाण्यात जमिनीवर बसून दाढी करणाऱ्याला विकायची वेळ आली तेव्हा २०१० मध्ये जिलेटनं काय काढलं? गार्ड. एका पात्याचा! तेव्हा रेझर पंधरा रुपयांना, पातं पाच रुपयांना. म्हणजे एका पात्यात भागतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याला एक, ज्याच्या आहेत त्याला पाच. गालाचा हिशोब नाहीच, खिशाचा आहे.

सलूनमध्ये जा. तुमचा न्हावी काय वापरतो? हेच पातं, कागदासकट मधोमध मोडून, अर्धं वस्तऱ्यात घालतो. अर्धं! त्याच्या हातून आपण डोळे मिटून गळा पुढे करतो, फक्त "नवीन ब्लेड घाल रे" एवढं सांगतो. आणि घरी येऊन म्हणतो, सेफ्टी रेझरची भीती वाटते.

गुलाबीवाल्यांचं वेगळंच. १९१५ मध्ये खास बायकांचा म्हणून पहिला रेझर काढला, तेव्हापासून हा धंदा चालू आहे. तेच पातं, तोच दांडा, रंग बदलला की किंमत वर. मी गेलं वर्षभर अण्णांच्या पाकिटातलंच पातं माझ्या वेगळ्या रेझरला लावते. पायांना कळत नाही की ते पुरुषांचं आहे.

बरं, दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर कमेंटमध्ये डॉक्टर मंडळी येतील. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील त्यांनी विजेचं मशीन वापरावं. विमानात हातातल्या बॅगेत पाती नेता येत नाहीत, आणि मोपाच्या विमानतळावर जाऊन वाद घालू नये. आणि सकाळी साडेसातची बस पकडणाऱ्याला ब्रश फिरवत बसायला सवड नसते. ठीक आहे. पण रविवारी तर असते?

अण्णांचे गुण म्हणाल तर आता साडेसातवर आलेत. परवा आठ देता देता थांबले आणि नाकाखाली बोट फिरवून म्हणाले, "इथं घाई केलीस." खरं तर तेवढा वेळ ते पूर्ण माझे असतात. एरवी बोलणं पुटपुटल्यासारखं झालंय, पण फेस लावला की जुन्या शाळेतले विद्यार्थी आठवतात, कोण कुठं गेला, कोण वारला, कुणी पावसात नदी पोहून परीक्षेला आला. मला ती सगळी नावं पाठ झालीत. दोन्ही हात कामात असल्यामुळे माझा फोनही दूर असतो. असो. याच्यावर जास्त लिहिलं तर मी रडेन आणि मग ज्याचा राग आलाय ते राहून जाईल.

राग कशाचा, तर कचऱ्याचा. तो पाच पात्यांचा तुकडा बघा एकदा उलटा करून. पोलाद, प्लास्टिक, रबराची पट्टी, चिकट पट्टी, सगळं एकात एक दाबलेलं. कोण सोडवणार ते? साळगावच्या कचरा प्रकल्पात माणूस बसून पाती उपटणार आहे का? आमचं साधं पातं नुसतं पोलाद आहे. फक्त कागदात गुंडाळून पिशवीत टाकू नका, मी पाया पडते. आमच्या वाड्यावर कचरा न्यायला येणाऱ्या बाईंचं बोट अशाच कुणाच्या तरी पात्यानं कापलं होतं. म्हणून हा एक दोष आमच्याकडेही आहे, आणि त्यावर उपाय अगदी साधा आहे. दुधाच्या पावडरचा पत्र्याचा डबा घ्या, झाकण चिकटवून टाका, वर स्क्रूड्रायव्हरनं फट पाडा. जुनं पातं फटीतून आत. जुन्या अमेरिकन घरांत म्हणे बाथरूमच्या कपाटामागे भिंतीतच अशी फट असायची आणि पाती भिंतीच्या पोकळीत पडत राहायची, घर पाडताना ढीग निघायचा! आपण तेवढं नको. डबा पुरतो, वर्षानुवर्षं भरत नाही. भरला की वर मोठ्या अक्षरात "ब्लेड" लिहून बाईंच्या हातात द्या, पिशवीत नाही.

पावसाळ्यात गंज चढतो म्हणणाऱ्यांनी पातं काढून झटकून वाळवावं. पुसू नये, धार जाते आणि बोटही.

फोंडा-म्हापसा-डिचोलीतल्या कुणाला अशी पाती ठेवणारे पोसरे माहीत असतील तर खाली दुकान आणि बाजार लिहा, मी यादी करून वर लावते. ट्रिमरच्या लिंका टाकणाऱ्यांच्या कमेंटा उडवल्या जातील.