बटन, बटन, बटन

मामाचा फोन आला तेव्हा मी दादरच्या पुलावर होतो. "भाचेबुवा, तुझी वेबसाइट ऐकली," तो म्हणाला.

मामाला जन्मापासून दिसत नाही. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होता. निवृत्त झाल्यावर त्याने लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचा फुकटातला स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारा प्रोग्राम, टाकून घेतला. तो दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी बनवलाय, हे मामा ते दोघेही आपलेच भाचे असल्याच्या थाटात सांगतो. खरा भाचा मी. एका फराळवाल्यांची वेबसाइट मी नुकतीच करून दिली होती. माझ्या मते देखणी.

"कशी वाटली?"

"बटन."

"काय?"

"बटन, बटन, बटन. मग आयएमजी अंडरस्कोर चार एक एक दोन डॉट जेपीजी. मग परत बटन. फराळ विकतायत की शर्ट शिवतायत?"

रविवारी परळला गेलो. मामाने आधी माझा माऊस खणात टाकला, मग स्क्रीन काळी केली. "आता चकली घे," म्हणाला. स्क्रीन रीडर सुरू झाला तो मंगलाष्टकं उरकणाऱ्या भटजींच्या वेगाने. मला एक अक्षर कळेना, म्हणून मामाने वेग निम्मा केला. तोंडावर भाव असा, की लहान मुलाला वरणभात कालवून देतोय.

चकलीपर्यंत पोचायला मला टॅबची कळ 37 वेळा दाबावी लागली, कारण वरचा मेनू आधी सगळा ऐकावा लागतो. वर 'मुख्य मजकुराकडे' अशी एक लिंक ठेवली असती तर एका उडीत काम झालं असतं. मथळे मी नुसतेच मोठ्या, ठळक अक्षरांत टाकले होते. डोळ्यांना ते मथळे वाटतात, स्क्रीन रीडरला नाही. मथळा आहे असं कोडमध्ये सांगितलेलं असेल, तर मामा एच दाबत एकेका मथळ्यावर उतरत जातो. "लोकलमध्येसुद्धा पुढील स्टेशन सांगतात रे," तो म्हणाला. "फलाटावर आमच्या डब्याच्या जागी टुकटुक वाजतं. तुझ्याकडे तेवढंही नाही."

डिलिव्हरीची तारीख निवडायला कॅलेंडरमध्ये शिरलो, तर बाहेरच पडता येईना. बोरिवलीला उतरायचं म्हणून विरार फास्टमध्ये चढलेल्या माणसासारखी गत झाली. त्यातून सुटलो तर पुढे कॅप्चा: ज्या चित्रांत सिग्नल आहे ती निवडा. आवाजाचा पर्याय मी दिलाच नव्हता.

"मी माणूस आहे हे सिद्ध करायला सिग्नल ओळखायचा?" मामाने विचारलं. "मुंबईत ज्यांना दिसतो ते तरी कुठे ओळखतात?"

मामी इतका वेळ कांदा चिरत होती. तिने स्क्रीन उजळायला लावली आणि चष्मा वर-खाली करून म्हणाली, "पांढऱ्यावर हे काय पुसट पुसट लिहिलंयस? शाई संपली होती का?" आमच्या डिझायनरच्या मते ते 'हवेशीर' होतं. वेब साइट्सच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिक्या-गडदपणातला फरक, किमान 4.5 ला 1 हवा. आमचा मोजला तर दोनाच्या खाली. डिझायनर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

दुरुस्त्यांचा विषय काढला तेव्हा फराळवाल्या मालकांनी हिशोबाची वही मिटली. "कोण आंधळा माणूस ऑनलाइन चकली घेतो हो?" मी मामाचं नाव सांगितलं. मग 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगितला. शेवटी सर्वोच्च न्यायालय काढलं: 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानलाय. त्या प्रकरणात ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या लोकांना केवायसीसाठी डोळे मिचकावा म्हणून सांगितलं गेलं होतं. मालक थोडे गंभीर झाले. "निकालात चकलीचं काही आहे?" त्यांनी विचारलं.

नाही म्हटल्यावर त्यांनी परवानगी दिली, फुकट करण्याच्या अटीवर.

सगळ्यात जास्त घाम काढला तो चित्रांच्या वर्णनांनी. चित्राला वर्णन दिलं नाही, तर स्क्रीन रीडर बऱ्याचदा फाइलचं नावच वाचून दाखवतो. मी सगळीकडे 'चकली' लिहून मोकळा झालो. मामा म्हणाला, "भाजणीची की तांदळाची? काटे आलेत का? तुटकी तर नाही ना?" दोन महिने मी ती चित्रं इकडून तिकडे सरकवत होतो, पण चकलीला काटे आहेत की नाही हे पाहिलंच नव्हतं. होते. कडेला नुसत्या शोभेच्या पणत्या होत्या, त्यांचं वर्णन मात्र मुद्दाम कोरं ठेवायचं असतं, म्हणजे स्क्रीन रीडर त्यांना ओलांडून पुढे जातो. एरवी चकलीला पोचेपर्यंत माणसाने बावीस वेळा 'पणती' ऐकायची. बटनांना नावं दिली: एक वाढवा, एक कमी करा, पिशवीत टाका. भावपत्रक मी चित्र म्हणूनच चिकटवलं होतं, ते परत अक्षरांत टाइप केलं.

धनत्रयोदशीच्या आधी मामाचा पुन्हा फोन.

"ऐकली. छान झालीय. सरळ चकलीवर गेलो."

"मग? घेतलीस?"

"भाजणीची, काटेरी, 640 रुपये किलो?" मामा जरा थांबला. "भाव तेवढा परत चित्रात टाक बाबा. ऐकवत नाही."