पिट्यूटरीचं ऑपरेशन, पुन्हा भरती आणि ‘भरपूर पाणी पाजा’

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. पिट्यूटरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली, हार्मोन सोडणारी छोटी ग्रंथी. नाकातून तिची गाठ काढल्यावर आठवड्याभरात पेशंटला पुन्हा ॲडमिट करावं लागलं, तर ऑपरेशन फसलं किंवा हॉस्पिटलनं घाईनं घरी पाठवलं, असं त्यात म्हटलंय. वर सल्ला: थकवा आला तर भरपूर पाणी आणि नारळपाणी पाजा.

‘ऑपरेशन फसलं’ हे बहुतेक वेळा खरं नसतं. पुन्हा भरती होण्याचं एक फार मोठं कारण म्हणजे रक्तातलं सोडियम उतरणं. ग्रंथीच्या मागच्या भागाला धक्का लागला की तिथं साठलेलं, शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन रक्तात सुटतं. मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकत नाहीत आणि रक्त पातळ होतं. गाठ अगदी स्वच्छ निघाली तरी हे होऊ शकतं.

‘घाईनं घरी पाठवलं’? सोडियम ऑपरेशननंतर साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसात घसरतं, बऱ्याचदा सातव्याच्या आसपास. घरी सोडतानाचा रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोलच्या मध्ये असला, तरी पुढची हमी मिळत नाही. मात्र सोडियम पुन्हा कधी तपासायचं हे न सांगताच घरी पाठवलं असेल, तर नातेवाइकांचा राग मला रास्त वाटतो.

पाण्याचा सल्ला मात्र घातक आहे. सोडियम उतरत असताना पाजलेला प्रत्येक पेला रक्त आणखी पातळ करतो. म्हणूनच अनेक केंद्रं पहिला आठवडा दिवसाला एक ते दीड लिटरच द्रव घ्यायला सांगतात, आणि त्यात चहा, ताक, नारळपाणी सगळं मोजायचं. उलट काही पेशंटना लिटर-लिटर लघवी होते आणि तहान शमत नाही. त्यांचं पाणी तोडणं तितकंच धोक्याचं. म्हणून पाण्याचं माप आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

डोकेदुखी, मळमळ, गुंगी, असंबद्ध बोलणं याला ‘अशक्तपणा’ समजून घरी थांबू नका. फिट येऊ शकते. मीठ-पाणी पाजूनही भागत नाही: सोडियम फार वेगानं वर चढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून ते दवाखान्यातच, रक्त वारंवार तपासत वाढवावं लागतं.

वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं टपकलं किंवा नाकातून रक्त आलं, तरीही लगेच जा. आणि स्टिरॉइडची गोळी लिहून दिली असेल तर ‘स्टिरॉइड वाईट’ म्हणून ती स्वतःहून बंद करू नका. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर सकाळची वाट न बघता इंजेक्शनसाठी हॉस्पिटल गाठा.