‘फरशी पुसा, हाडे मोकळी होतील’: गरोदरपणातील दुखण्यावरच्या एका संदेशाला उत्तर

गरोदर बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गरोदरपणी कंबर, जांघा आणि खुबे दुखणे ही आजच्या आरामात वाढलेल्या मुलींची तक्रार आहे, आपल्या आज्या शेतात राबत आणि त्यांना काही होत नसे, हे दुखणे हार्मोनमुळे असल्याने त्यावर उपाय नाही, रोज उकिडवे बसून फरशी पुसली की हाडे मोकळी होतात आणि नॉर्मल डिलिव्हरी होते, कंबरेला पट्टा बांधला तर बाळ दबते, फारच दुखले तर घरातली अंगदुखीची गोळी घ्यावी, आणि बाळंतपण झाले की सगळे आपोआप जाते, तोवर सोसावे. माझ्या दुसऱ्या गरोदरपणात, अंथरुणात कूस बदलताना डोळ्यांत पाणी येत असे त्या दिवसांत, हा संदेश मला तीन वेगवेगळ्या जिव्हाळ्याच्या माणसांनी पाठवला होता. पाठवणाऱ्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण त्यातली जवळजवळ प्रत्येक सूचना चुकीची आहे आणि दोन तर धोक्याच्या आहेत.

आज्यांना काही होत नसे, हे आधी पाहू. गरोदर स्त्रियांपैकी साधारण पाचांतल्या एकीला श्रोणीच्या, म्हणजे कंबरेखालच्या हाडांच्या कड्याच्या, सांध्यांचे हे दुखणे होते. ज्यांची कंबर आधीपासून दुखते किंवा ज्यांच्या कंबरेला, माकडहाडाला पूर्वी मार बसला आहे, त्यांना त्याचा धोका जास्त असतो; आरामात वाढण्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय ज्या परंपरेची साक्ष काढली जाते, तिनेच बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती, शेक, मालिश आणि पोटाला घट्ट बांधलेले फडके दिले. ज्यांना काही दुखत नव्हते, त्यांच्यासाठी एवढी व्यवस्था कशाला झाली असती? आज्यांनी दुखणे सांगितले नाही, कारण विचारणारे कोणी नव्हते. त्या न बोलण्याला आज पुरावा म्हणून वापरणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

हार्मोनचा मुद्दा अर्धवट खरा आहे. श्रोणी हे एकसंध हाड नसून मागे दोन आणि समोर, जघनाच्या उंचवट्यावर, एक अशा तीन सांध्यांनी जोडलेले कडे आहे. समोरच्या सांध्यातील अंतर एरवी 4 ते 5 मिलिमीटर असते आणि गरोदरपणात ते 2 ते 3 मिलिमीटरने वाढते, हे स्वाभाविकच आहे. मात्र सांधे सैल करणाऱ्या रिलॅक्सिन या हार्मोनचे प्रमाण पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असते, तर दुखणे बहुधा पुढच्या महिन्यांत वाढते. त्या प्रमाणाचा आणि दुखण्याच्या तीव्रतेचा सरळ संबंधही सातत्याने आढळलेला नाही. खरी अडचण बहुतेकदा अशी असते की हे तीन सांधे एकसारखे हलत नाहीत, एका बाजूवर जास्त भार येतो आणि भोवतीचे स्नायू थकून आवळले जातात. स्नायूंवर आणि हालचालींच्या सवयींवर काम करता येते, म्हणूनच ‘उपाय नाही’ हे वाक्य खोटे ठरते.

आता फरशी, कारण सर्वांत जास्त नुकसान या सल्ल्याने होते. प्रसूतीच्या वेळी उकिडवे बसल्याने श्रोणीची खालची बाजू थोडी रुंदावते, एवढा खऱ्याचा अंश त्यात आहे, आणि जिला काही दुखत नाही तिने उकिडवे बसायला हरकतही नाही. परंतु फरशी पुसताना स्त्री नुसती उकिडवी बसत नाही; ती गुडघे फाकवून, एका हातावर आणि एका पायावर भार टाकून, कंबर वळवत सरकते. पाय फाकवणे, एका पायावर भार देणे आणि वळणे, याच तीन हालचालींनी हे दुखणे चाळवते. शिवाय नॉर्मल प्रसूती बाळाची स्थिती, आकार, कळांची ताकद आणि आईची प्रकृती अशा अनेक गोष्टींवर ठरते. पुसलेल्या फरशीने ती ठरत नाही.

याच तत्त्वावर घरातल्या बऱ्याच गोष्टी बदलता येतात. सलवार किंवा परकर उभ्याने, एक पाय उचलून न घालता बसून घालावा. कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून ठेवावेत आणि झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. रिक्षात किंवा मोटारीत आधी बसून मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. जिना चढताना एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची पायरी घ्यावी. भारतीय शौचालयात बसणे जड जात असेल तर कमोडची खुर्ची आणावी; तीत कमीपणा नाही. आणि मोठ्या मुलाला कडेवर घेणे थांबवावे, हे सांगताना मलाही जड जाते, पण एका खुब्यावरचा तो भार या दुखण्यात फार महाग पडतो; मूल आपण बसल्यावर मांडीवर घेता येते. याचा अर्थ अंथरूण धरावे असा मात्र नाही. थोडे थोडे चालणे आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले ओटीपोटाचे व नितंबांचे व्यायाम चालू ठेवावेत.

पट्ट्याने बाळ दबते, ही भीती बाळंतपणानंतर पोटाला बांधायच्या पट्ट्याशी घातलेल्या गल्लतीतून आलेली आहे. आधाराचा पट्टा पोटाच्या खाली, खुब्यांच्या पातळीवर बांधतात. बाळावर त्याचा दाब येत नाही. तो चालताना-उभे राहताना वापरायचा आणि झोपताना काढायचा असतो. एकटा पट्टा पुरत नाही, व्यायामाला जोड म्हणून तो उपयोगी पडतो.

गोळीबद्दलचा सल्ला सर्वांत धोक्याचा आहे. आपल्याकडे अंगदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असते. 20 आठवड्यांनंतर या औषधांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने ऑक्टोबर 2020 मध्ये दिला. अखेरच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याची भीतीही असते. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेता येते. पाकिटावरचे घटक वाचल्याशिवाय कोणतीही गोळी घेऊ नये.

‘आपोआप जाते’ हे बहुतेकींच्या बाबतीत खरे आहे, पण दहांतल्या सुमारे एकीचे दुखणे प्रसूतीनंतरही राहते, आणि लवकर उपचार घेतले तर बरे होण्याची शक्यता वाढते. या दुखण्यामुळे सिझेरियन करावेच लागते असेही नाही. फक्त न दुखता गुडघे किती फाकवता येतात हे शेवटच्या महिन्यात मोजून प्रसूती करणाऱ्यांना सांगावे आणि कुशीवर किंवा हातागुडघ्यांवर राहून बाळंत होण्याबद्दल विचारावे. कण्यातून वेदनाशामक इंजेक्शन घेतलेल्या स्त्रीला पाय जास्त फाकले गेले तरी कळत नाही, म्हणून तेव्हा ही काळजी अधिक.

‘सोसावे’ या शब्दाचा आणखी एक तोटा असा की वेगळी दुखणीही त्याखाली झाकली जातात. ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, ताप, लघवीला जळजळ, बाळाची हालचाल मंदावणे, एकाच पोटरीला सूज किंवा जांघांच्या मध्ये बधिरपणा, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एरवी पुढच्या तपासणीत, आणि सरकारी केंद्रात दर महिन्याच्या 9 तारखेला होणाऱ्या मोफत तपासणीतही, ‘कंबर दुखते’ एवढेच न म्हणता ‘कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभी राहताना इथे दुखते’ असे जागेवर बोट ठेवून सांगावे, आणि फिजिओथेरपी विभागासाठी चिठ्ठी मागावी. मला ‘होतंच असं’ म्हणून एकदा परत पाठवले गेले होते. दुसऱ्यांदा असे नेमके सांगितल्यावर चिठ्ठी मिळाली.