कॅलिफोर्नियातील ट्रकचालकांच्या प्रचलित वेतनदराबाबत खुलासा

कॅलिफोर्नियात सरकारी बांधकामांवर माल पोहोचवणाऱ्या प्रत्येक ट्रकचालकाला प्रचलित वेतनदर (सरकारी कामांसाठी राज्याने त्या-त्या भागापुरता ठरवलेला किमान वेतनदर) द्यावाच लागतो, हे सध्या फिरत असलेले विधान बरोबर नाही. २०१५ च्या ‘असेंब्ली बिल २१९’ या राज्याच्या कायद्याने ही सक्ती केवळ रेडी-मिक्स काँक्रीटच्या (प्लांटमध्ये आधीच मिसळून आणलेल्या काँक्रीटच्या) वाहतुकीला, आणि तीही १ जुलै २०१६ पासून दिलेल्या कंत्राटांपुरती लागू केली, विटा किंवा सळ्या आणणारा चालक या तरतुदीत येत नाही. शिवाय दर धरला जातो तो बांधकामाच्या जागेचा नव्हे, तर काँक्रीट जिथे तयार होते त्या प्लांटच्या भागाचा, आणि हा बारकावा सहज नजरेतून सुटतो. न्यायालयाने कायदा रद्द केला असे सांगणारे अर्धीच हकिकत सांगतात, कारण संघीय जिल्हा न्यायालयाचा तो निर्णय त्यावरच्या नवव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने २०१८ मध्ये फिरवला.