सातवीला अख्खी कादंबरी: कट्ट्यावरचं भांडण

जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला मराठी शिकवणारा आमचा मास्तर यंदा दुसऱ्या सत्रात वर्गात अख्खी ‘श्यामची आई’ वाचायची म्हणतोय. हे त्याने शनिवारी कट्ट्यावर सांगितलं आणि अण्णा उसळलाच.

“आणि धडे कधी संपवणार? अभ्यासक्रम वेळेत पुरा करायचा, असं आरटीईतच, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातच आहे.” अण्णाची मुलगी सातवीतच आहे, त्यामुळे काळजी खरी.

“शाळेला ग्रंथालय हवं, त्यात गोष्टींची पुस्तकं हवीत, हेही त्याच कायद्यात आहे. ती काय कपाटात कुलपात ठेवायला?” मास्तर म्हणाला.

“अरे, पण श्याम धड्यात येतोच की!”

“कुठला श्याम येतो? तळवे मळू नयेत म्हणून आईला ओचा पसरायला लावणारा. खाली प्रश्न, आईने कोणती शिकवण दिली? उत्तर गाईडात तयार. पण पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला तीच आई झोडपते, हे पोरांना माहीत नसतं. पुढे कर्ज वाढत जातं, घरावर जप्ती येते, दवंडी पिटली जाते. पुस्तकातल्या ४२ रात्रींच्या गोष्टी ऐकल्यावर ती आई समजते. एका उताऱ्यात फक्त उपदेश उरतो.”

मला हे शंभर टक्के पटलं. अर्ध्यावर पुस्तक मिटून ‘आता हा काय करेल, आणि तुला असं का वाटतं?’ विचारलं, की पोराला मागची पानं चाळावी लागतात, आपल्या म्हणण्याला आधार शोधावा लागतो आणि स्वतःची वाक्यं जुळवावी लागतात. भाषा शिकणं म्हणतात ते हेच. याचं उत्तर कुठल्या गाईडात मिळणार?

वाचनालयात काम करणारी ताई मात्र पुस्तकाच्या निवडीवर अडली. “अजून अडखळत वाचणारी पोरं आहेत तुझ्या वर्गात. त्यांना ती जुनी भाषा जड जाईल. आधी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दे. छोटी वाक्यं, भरपूर संवाद, आणि फुरसुंगीचा बनेश संकटात सापडला की पुढचं पान उलटल्याशिवाय राहवत नाही. एक पुस्तक आपण संपवलं, हे पोराला एकदा कळू दे. मग श्याम.”

मास्तरची अडचण प्रतींची. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला, त्यामुळे ‘श्यामची आई’च्या स्वस्त आवृत्त्या सहज मिळतात. भागवतांच्या पुस्तकांचं तसं नाही. तरी क्रम ताईचाच बरोबर आहे, असं मी ठासून सांगितलं. चौघांत एक प्रत चालेल, सुरुवातीची प्रकरणं मास्तरने मोठ्याने वाचावीत.

“गुणांचं काय?” अण्णा.

“सातवीला आकारिकचे, म्हणजे वर्गातल्या कामाच्या मूल्यमापनाचे, ४० गुण असतात,” मास्तर म्हणाला. “ तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, सगळं त्यातच बसतं.”

इथे ताई भडकली. गुण आले की पोरं पुस्तक वाचणार नाहीत, त्याच्या नोट्स मागतील, हे तिचं म्हणणं. मला वाटतं, तोंडी चर्चेला गुण द्यावेत, लेखी चाचणी अजिबात नको. तिला तेही मान्य नाही.

शेवटी अण्णाने एक अट घातली: सत्राच्या शेवटच्या संकलित परीक्षेआधी धडे पुरे झालेच पाहिजेत. मास्तरने ती कबूल केली. फेणेच्या किती प्रती देता येतील, ते ताई सोमवारी सांगणार आहे. गुणांवर मास्तर आणि ताईचं अजून जुळलेलं नाही.