व्होल्टेज उतरले की बिल चढते का?

उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरू लागले की सोलापुरातल्या मोबाइलवर एक मजकूर फिरतो. त्याचा आशय असा : ‘वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. उपकरणाचे वॉट ठरलेले असतात, म्हणून व्होल्टेज घटले की करंट वाढतो, मीटर जोरात पळतो आणि बिल फुगते. खात्री करायची तर मल्टीमीटरने रोध मोजा आणि व्होल्टेजच्या वर्गाला त्याने भागा, खरे वॉट कळतील.’ यातली सूत्रे खरी आहेत. त्यांतून काढलेले निष्कर्ष बहुतांशी चुकीचे आहेत.

‘वॉट ठरलेले असतात’ हे गृहीतकच आधी तपासू. गीझरवर 2000 वॉट लिहिलेले असते ते 230 व्होल्टसाठी. त्यात ठरलेला असतो तो कॉइलचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा : 230 चा वर्ग भागिले 2000, म्हणजे सुमारे 26.5 ओहम. व्होल्टेज 180 वर आले की करंट 8.7 अँपिअरवरून 6.8 वर उतरतो, वाढत नाही, आणि शक्ती 1225 वॉटच्या आसपास राहते. 15 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो; पूर्ण व्होल्टेजवर तो 16 मिनिटांत खर्च होतो, 180 व्होल्टवर 26 मिनिटांत. वाट पाहावी लागते, पण युनिट जवळपास तेवढेच पडतात.

मोटरच्या बाबतीत मजकुरात अर्धे सत्य आहे, आणि सोलापूरच्या पूर्वभागात टॉवेल-चादरीचे यंत्रमाग चालवणाऱ्यांनी ते नीट समजून घ्यायला हवे. मागावरचा भार तोच राहिल्याने व्होल्टेज घटले की इंडक्शन मोटर खरोखरच जास्त करंट ओढते. मात्र मोटर घेते ती शक्ती फारशी बदलत नाही आणि मीटर करंट नव्हे, शक्ती आणि वेळ यांचा हिशेब ठेवतो. नुकसान होते ते वाइंडिंगचे, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांचे. जूल यांनी 1841 मध्ये मांडलेल्या नियमानुसार तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट 20 टक्के वाढला तर उष्णता 44 टक्के वाढते. ही जादा उष्णताही मीटरवर येते, पण एकूण शक्तीत तिचा वाटा लहान असतो. तारेवरचे इन्सुलेशन मात्र करपते आणि मोटर रिवाइंडिंगला जाते. म्हणून ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट फार वाढला की मोटर बंद करणारे साधन, मोटरच्या प्लेटवरील अँपिअरनुसार लावलेला असणे फार महत्त्वाचे आहे.

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे थेट वॉट, हेही मोटरला लागू पडत नाही. तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने 230 व्होल्टवर 6 अँपिअर दाखवले तर गुणाकार 1380 येतो, पण तो व्होल्ट-अँपिअरचा आकडा आहे. त्यातला किती भाग प्रत्यक्ष शक्ती असतो ते पॉवर फॅक्टर सांगतो; तो 0.75 असेल तर शक्ती 1035 वॉटच भरते.

राहिली मल्टीमीटरची कसोटी. 100 वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रोध थंड असताना मोजला तर 40 ओहमच्या आसपास भरतो आणि त्यावरून हिशेब केला की 1300 वॉटपेक्षा मोठा आकडा येतो. बल्ब पेटल्यावर टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि रोध 529 ओहमपर्यंत चढतो. ओहम यांचा 1827 चा नियम तापमान स्थिर असतानाच लागू होतो. मोटरच्या वाइंडिंगला मल्टीमीटर लावला तर अवघे काही ओहम दिसतात, कारण चालत्या मोटरमध्ये करंटला मुख्य अडथळा त्या तारेच्या रोधाचा नसतोच. तेव्हा त्या मोजणीवरून प्लेटवरचे वॉट खोटे ठरवता येत नाहीत.

बिल कमी व्हावे म्हणून स्टॅबिलायझर घेणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की तो मोटरचे रक्षण करू शकतो, पण स्वतःही थोडी वीज खातो.